वरच्या ओळीतला सी

“खालच्या ओळीतला सूर वरच्या ओळीत नेता येत नाहीये, सर.”

“येत नाही म्हणजे?”

“मी खालच्या सुराला टाय लावते. संगणक खालच्याच ओळीत पुढे बघतो. तिथे तुम्ही विराम लिहिलाय. मग कमान अशी हवेत संपते.”

सिलास ओहोळ सरांनी खुर्ची पुढे ओढली आणि लॅपटॉपच्या पडद्यावरच्या पियानोच्या स्वरलिपीजवळ तोंड नेलं. उजवा हात मांडीवर होता, तो त्यांनी डाव्या हाताने उचलून टेबलावर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा.

“खरंच की,” ते म्हणाले. “कपडे वाळत घालायच्या तुटलेल्या दोरीसारखी दिसतेय.”

“दोन्ही सूर खालच्याच ओळीत लिहिले तर लगेच होईल. डाव्या हाताला तिथे दुसरं कामही नाही. त्यानेच धरून ठेवला तर काय बिघडतं?”

“बिघडतं. लिहिलंय तसं छाप.”

ही गोष्ट पाचगणीची, ऑगस्टमधली. मी तेव्हा पुण्यात एका छोट्या कचेरीत होते. परदेशातल्या प्रकाशकांकडून हाताने लिहिलेलं संगीत यायचं, ते आम्ही संगणकावर बसवून छपाईसाठी तयार करायचो. वाजवता आमच्यातल्या कुणाला फारसं येत नव्हतं. वाचता मात्र चोख यायचं. पाचगणीच्या एका जुन्या निवासी शाळेला पंचाहत्तर वर्षं होत होती आणि तिथल्या संगीतशिक्षकांनी केलेल्या रचनांचा संग्रह निघणार होता. बाकीच्यांची पानं टपालाने आली. ओहोळ सरांची टपालाने येऊन उपयोग नव्हता. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला होता आणि जन्मभर उजव्याने लिहिलेल्या माणसाने ती पानं डाव्याने लिहिली होती. सूर रेषेवर आहे की दोन रेषांच्या मध्ये, हे त्यांनाच विचारावं लागे. म्हणून साहेबांनी मला लॅपटॉप देऊन वर पाठवलं. सोमवारी फाइल छापखान्यात जायची होती.

सोमवारी आणखी एक गोष्ट व्हायची होती. सरांच्या पत्नी नओमीबाई सकाळच्या गाडीने नगरला बहिणीकडे निघणार होत्या. पाहुण्या म्हणून नव्हे, राहायला. भरलेली ट्रंक दाराशीच होती. शुक्रवारी संध्याकाळी मी आले ती तिलाच अडखळले.

“लागलं का गं?” नओमीबाईंनी विचारलं. “आत सरकवली असती, पण मग सोमवारी परत ओढायची.”

सर तेव्हा खिडकीबाहेर बघत होते. खिडकीबाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं.

त्या दिवसांत पाचगणीचं धुकं घरात येऊन राहतं. दार उघडलं की ते आपल्याबरोबर आत येई, जमिनीवरून सरकत टेबलाच्या पायांशी थांबे, आणि मग कधी नाहीसं झालं ते कळत नसे. शिक्षकांच्या घरांची ती रांग सिल्व्हर ओकच्या झाडांखाली होती. झाडांचे बुंधे दिसत, शेंडे दिसत नसत. दमटपणाने पियानोच्या पट्ट्या फुगून अडकू नयेत म्हणून सरांनी पियानोच्या आत एक दिवा लावून ठेवला होता. दुपारीसुद्धा लाकडाच्या फटींतून पिवळा उजेड यायचा. आत कुणीतरी राहतंय असं वाटे. सगळं जरा उशिरा ऐकू यायचं तिथे. घोड्याच्या टापा, शाळेची घंटा, एखादी हाक.

पियानोचं संगीत दोन ओळींत लिहितात. वरची ओळ उजव्या हाताची, खालची डाव्याची. उभ्या रेषा मारून ओळींचे भाग पाडतात, त्यांना सर खण म्हणत. एकाच सुराच्या दोन चिन्हांना कमानीने जोडलं की तो टाय. दुसरा सूर पुन्हा वाजवायचा नाही, पहिलाच धरून ठेवायचा. वेगवेगळ्या सुरांवर कमान असली की तो स्लर; ते सूर न तोडता एकामागून एक घ्यायचे. दिसायला दोन्ही कमानी सारख्याच. सरांच्या पानांवर स्लर पुष्कळ होते, ते सगळे नीट बसले. अडला तो एक टाय. पियानोच्या मधोमधचा सी हा सूर. खालच्या ओळीच्या डोक्यावर लिहिलेला, आणि पुढच्या खणात वरच्या ओळीच्या पायाशी. पट्टी तीच, सूर तोच. आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी, डाव्या हाताने कापत काढलेली कमान.

शनिवारी सकाळी मी चहात साखर घ्यायला स्वयंपाकघरात गेले, तेव्हा नओमीबाई सरांच्या सदऱ्याला टिचबटणं लावत होत्या.

“हा शेवटचा,” त्या म्हणाल्या. “काजातली बटणं एका हाताने लागत नाहीत. ही लागतात. आणि साखर घेतलीस तर झाकण घट्ट लावू नकोस. सगळ्या डब्यांची सैल ठेवलीयेत.”

मी झाकण सैल केलं.

“शाळेत सगळ्यांना वाटतं आमचं भांडण झालंय,” त्या म्हणाल्या. “तुलाही वाटत असेल.”

“नाही, मी कुठे...”

“वाटू दे. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. माझे वडील नगरला चर्चमध्ये वाजवायचे, त्यांच्याकडे शिकले मी. लग्न झालं तेव्हा लोक म्हणाले, काय जोडा जमलाय, दोघं पियानोवाले. इथे आल्यावर मी वाजवायला बसले की आतल्या खोलीतून आवाज यायचा. एफ शार्प. मग, पेडल. मग, घाई करतेयस. त्यांचं चुकीचं नसायचं हं काही. एकदाही नाही.” त्यांनी दोरा दाताने तोडला. “मग मी बसणं सोडलं. ते त्यांच्या लक्षात यायला तीन वर्षं लागली.”

“लक्षात आल्यावर काय म्हणाले?”

“तब्येत बरी आहे ना, असं विचारलं.”

सदरा झटकून त्यांनी घडी घातली.

“नंतर त्यांची पानं उलटली मी. प्रार्थनेला, गॅदरिंगला, सगळीकडे. त्यात कधी चूक काढली नाही त्यांनी. मग हात गेला, पानं संपली, बटणं सुरू झाली. आता बटणांचीही सोय झाली. माझ्यावाचून इथे काही अडत नाही. मार्था नगरला एकटीच असते. तिच्या घरी आमच्या वडिलांचा पियानो आहे.”

“सर काय म्हणाले?”

“बरं म्हणाले.”

दुपारी मी सरांना म्हटलं, हा टाय कसा वाजवायचा ते तरी दाखवा, म्हणजे काहीतरी वाट सुचेल. ते पियानोच्या बाकावर डाव्या बाजूला सरकून बसले. उजवीकडे बरीच जागा सुटली. त्यांनी सी वाजवला आणि धरून ठेवला.

“आता हा तू घे.”

मी त्यांनी बोट काढायची वाट पाहिली. त्यांनी काढलं, मी वाजवला.

“नाही. तुटला. मी सोडल्यावर नाही यायचं. मी धरलेला असतानाच यायचं.”

“त्याच पट्टीवर?”

“पट्टी आधीच खाली आहे. जोर लावायचा नाही. बोट नुसतं ठेवायचं. मग मी माझं काढतो.”

पट्टी अरुंद असते. दोन बोटं ठेवायची तर ती एकमेकांना लागतातच. त्यांचं बोट गार होतं. त्यांनी ते हळूच काढून घेतलं, आणि सूर माझ्या बोटाखाली तसाच चालू राहिला. मी काहीच केलं नव्हतं आणि तो माझा झाला होता. बाहेरचं धुकं काचेला टेकलं होतं. सूर विरत विरत इतका बारीक झाला, की तो पियानोत आहे की माझ्या कानात, ते मला सांगता आलं नसतं.

“सर,” मी म्हणाले, “ही वरची ओळ उजव्या हाताची नाहीये.”

“उजव्या हाताचीच आहे. माझ्या नाही.”

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

“हळू बोल,” सर म्हणाले.

“त्यांना माहीत आहे?”

“मी काहीतरी लिहितोय एवढं माहीत आहे.”

“मग सांगा ना. सोमवार परवावर आला.”

“असल्या अक्षरात देऊ तिच्या हातात? तू नीट छापून दे. ती वाचेल. वाचता तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं.”

“आणि वाचूनसुद्धा गेल्या तर?”

“तर गेली.” त्यांनी पियानोचं झाकण लावलं. “तोंडाने सांगायला गेलो तर मी तिचंच काहीतरी दुरुस्त करत बसेन. मला माहीत आहे ना मी कसा आहे ते.”

संध्याकाळी वाट सापडली. त्या संगणक-प्रणालीत एक सोय होती. सूर एका ओळीचा ठेवून तो दुसऱ्या ओळीत नुसता दाखवता येतो. मी दुसरा सी खालच्याच ओळीत लिहिला, पहिल्याला टायने बांधला, आणि मग त्याला वर ढकललं. कमान आपोआप लांबली आणि झोके घेतल्यासारखी वळून वरच्या ओळीपर्यंत गेली. वाजवून पाहिलं. सूर एकदाच वाजला आणि पुढच्या खणात अखंड गेला. सरांनी डोळे मिटून ऐकलं.

“हेच,” ते म्हणाले. “अगदी हेच.”

रविवारी चर्चहून नओमीबाई आधी परतल्या. सरांना पाद्रीसाहेबांनी थांबवून घेतलं होतं. मी कमानीची टोकं सुराच्या काडीला लागू नयेत म्हणून केसाएवढी इकडे तिकडे करत होते. बाई पांढऱ्या साडीत माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. चष्मा लावला.

“पहिल्यापासून दाखव.”

मी दाखवलं. त्या वाचत होत्या आणि पानाच्या शेवटी आल्या की किंचित मान हलवत. मी पुढचं पान आणी. घरात आवाज फक्त माउसचा. तिसऱ्या पानावर त्यांचा उजवा हात खुर्चीच्या पाठीवर आला आणि बोटं हलू लागली. मला ती दिसत नव्हती, पाठीला जाणवत होती.

“हे एका माणसाचं नाही,” त्या म्हणाल्या.

मी माउसवरचा हात काढला.

“या खणात वरचा हात खालच्या हाताच्या अंगावर येतो. एकटा माणूस कशाला स्वतःच्या अंगावर येईल?”

“सरांनी सांगितलंय, लिहिलंय तसं छाप.”

“सांगितलं असेल.”  मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “हा सी कुणाचा?”

“वरच्या ओळीचा.”

“मग तू त्यावर बाण नेलास की खालची ओळ निळी का होते?”

माझ्या चार वर्षांच्या कामात हे कुणी विचारलं नव्हतं. मी ती सोय समजावून सांगितली. सूर खालच्या ओळीचा, दाखवलाय वर.

“म्हणजे बसवलाय माझ्याकडे, आहे त्यांचाच.”

“कागदावर फरक कळत नाही, बाई. छापल्यावर कुणालाच कळणार नाही.”

“मला कळलाय ना. दुसरी पद्धत नाही?”

“आहे. वर खराच सूर लिहायचा, तुमच्या... वरच्या ओळीचा. आणि कमान मी हाताने काढायची. पण ती टाय आहे हे मग संगणकाला समजत नाही. तो सूर पुन्हा वाजवतो. दिसायला तंतोतंत हेच. ऐकायला चूक.”

“तसं कर.”

“सर ऐकल्याशिवाय राहणार नाहीत.”

“ऐकू देत.”

मी वर खराच सी लिहिला. कमान स्लरच्या बटणाने काढली, चिमटीत धरून ओढल्यासारखी एकेक टोक ओढत. बाई मागे उभ्याच होत्या. कमान पोटात जरा जास्त फुगली तेव्हा म्हणाल्या, “एवढी नको.” मी कमी केली.

सर आले, छत्री कोपऱ्यात ठेवली, आणि बूट न काढताच म्हणाले, “लाव बघू पहिल्यापासून.”

मी लावलं. सी आला, पुढच्या खणात गेला, आणि पुन्हा वाजला. सरांची मान झटक्याने वर झाली.

“तो परत वाजला.”

“हो, सर.”

“काल वाजत नव्हता.”

“मी बदलून घेतला,” स्वयंपाकघराच्या दारातून नओमीबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात कणकेची परात होती.

सर वळले. ही रचना बाईंनी वाचलीय हे त्यांना कळायला एक क्षण लागला असेल, पण त्याआधीच त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं, “चुकीचं आहे ते, नओमी. टाय आहे. दुसरा सूर वाजायला नको.”

“मशीन वाजवतंय,” बाई म्हणाल्या. “माझं बोट परत नाही वाजवणार.”

त्या परात घेऊन आत गेल्या.  पियानोतल्या दिव्याचा उजेड सरांच्या बुटांवर पडला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“राहू दे तसंच,” ते म्हणाले.

संध्याकाळी शाळेच्या कचेरीत मी दोन प्रती छापल्या. एक छापखान्यासाठी, दुसरी पियानोवर नेऊन ठेवली.  जेवताना सर एकदा म्हणाले, आमटी छान झालीय. बाई म्हणाल्या, उरलेली उद्या तुम्हाला होईल. त्यावरून मी समजले की सोमवार आहे तिथेच आहे.

सकाळी शाळेचा ड्रायव्हर सावळाराम आम्हाला एस.टी. स्टँडवर सोडायला जीप घेऊन आला. मी आणि नओमीबाई पुण्यापर्यंत एकाच गाडीने जाणार होतो. धुकं इतकं होतं की जीप दिसायच्या आधी तिची दारं लावल्याचा आवाज आला. बाई तयार होत्या. प्रवासाची साडी, खांद्याला पर्स, पायात चपला. सावळारामने ट्रंकेच्या कडीला हात घातला.

“थांब जरा,” बाई म्हणाल्या. “एकदा बघते.”

सर आधीच बाकावर डावीकडे बसले होते. केव्हापासून, कोण जाणे. बाई चपलांसकट उजवीकडे टेकल्या. पर्स खांद्यावरच होती. त्यांनी सरांकडे पाहिलं नाही. पानाकडे पाहिलं आणि मान हलवून सुरुवात दिली.

मी ते तीन दिवस मशीनवर ऐकत होते. तरी हे मी ऐकलेलं नव्हतं. खालचा हात सावकाश, पायऱ्या चाचपडत उतरावं तसा. वरचा हात पहिल्या पानावर अडखळला, एकदा, दोनदा. सरांच्या मानेची शीर ताणली गेली. ते काही बोलले नाहीत. मग वरचा हात चालू लागला. सावळाराम कडी सोडून सरळ उभा राहिला.

सी आला. सरांनी तो धरला. बाईंचं बोट आलं आणि त्याच पट्टीवर, त्यांच्या बोटाला लागून टेकलं. खालच्या ओळीत विराम होता. सरांनी बोट काढलं नाही.

बाई थांबल्या. सूर विरून गेला.

“तुम्ही सोडलंच नाही.”

“सोडणारच होतो.”

“विराम आहे तिथे. तुम्हीच लिहिलाय.”

“लिहिलाय.”

“मग पाळा.”

त्यांनी पान मागे घेतलं. पुन्हा सुरुवात. या वेळी सरांनी बोट आधीच उचललं, आणि बाईंचं पोचेपर्यंत सूर तुटला.

“आता घाई केलीत,” बाई म्हणाल्या.

“हो.”

“मी आल्यावर. आधी नाही, आणि मी आल्यावर बसून राहायचं नाही.”

“कळलं.”

“कळलेलं दिसत नाही. त्याच्या मागच्या खणापासून.”

सर डावा हात पट्ट्यांवर नेऊन वाट पाहत राहिले. त्यांना असं वाट पाहताना मी पहिल्यांदाच पाहत होते. बाईंनी खांद्यावरची पर्स काढून पियानोवर ठेवली. तिसऱ्यांदा तो सूर गेला, जवळजवळ गेला. शेवटी सरांचं बोट निघता निघता बाईंचं बोटही ओढून घेऊन आलं आणि सूर बंद पडला.

“बाई,” सावळाराम म्हणाला, “गाडी निघून जाईल.”

“हिला सोडून ये,” बाई पानावरची नजर न काढता म्हणाल्या. “तिला फाइल द्यायचीय आज.”

“आणि सामान?”

“राहू दे.” मग सरांना, “मनगट वर. बोटाने नका ओढू, मनगटाने उचला.”

“मला तू मनगट शिकवणार?”

“कुणीतरी शिकवायला हवं होतं.”

सर हसले. तो आवाज मी त्या घरात पहिल्यांदा ऐकला. मी माझी पिशवी उचलली, दोघांच्या पाठींना नमस्कार केला आणि बाहेर आले.

जीपमध्ये बसल्यावरही खिडकीतून ऐकू येत होतं. खालचा हात, वरचा हात, सी, मग शांतता, मग बाईंचा आवाज, मग पुन्हा खालचा हात. रस्ता दहा पावलांपुढे दिसत नव्हता. सावळारामने दिवे लावले, आणि धुकं पांढरं होऊन काचेवर आलं. वळणावर त्याने जीप हळू केली.

“बाई जाणार होत्या ना आज?” मग त्याने विचारलं.

“हो.”

“मग काय झालं?”

“सर बोट वेळेवर काढत नाहीयेत,” मी म्हणाले.

सावळाराम सरांना वीस वर्षं ओळखत होता. त्याने गिअर बदलला, थोडा विचार केला.

“मग बराच वेळ लागेल,” तो म्हणाला.